पहारेकऱ्याचा डावा पाय

३ मार्च

मामा,

माझं आयुष्य बदललं ते परवा दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, तिने हातातली पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाली, "थांब. पुन्हा चाल."

कॉलेज सोडलं तेव्हा नाही बदललं. तू माझी बॅग दाराबाहेर ठेवलीस तेव्हाही नाही. परवा.

साष्टांग नमस्कार घालायला तू समोर नाहीस, म्हणून कागदावरच वाकतो. मामीलाही. तू म्हणालास ना, यापुढे फोन नाही, भांडायचं असेल तर लिहून भांड, लिहिताना निम्मा राग शाईत जातो? मग घे. इथे तसेही फोन गेटवरच काढून घेतात. आतलं काही बाहेर जायला नको म्हणून.

आतलं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. पहारेकरी परत येतोय. जुन्या सिनेमाचे पाचही भाग बाजूला ठेवून पहिल्यापासून, नव्याने. अंतराळतळ नवा, माणसं नवी, सगळं चकचकीत. फक्त चाल जुनी हवी. ओस पडलेल्या तळावर एकट्याने राखण करणारं ते यंत्र कसं चालायचं, हे लोकांना अजून तोंडपाठ आहे म्हणे. तू घालायचास ते पत्र्याचं सोंग मात्र आता नाही. अंगाला चिकटून बसणारा काळा पोशाख, त्यावर पांढरे ठिपके, आणि भिंतीभर कॅमेरे. मी चालायचं, संगणक ते ठिपके पकडतो आणि वर यंत्राचं अंग चढवतो.

चाचणीला ही झुंबड! नाचणारे, कसरतवाले, एक तर सर्कशीतला. सगळे यंत्रासारखे चालले. मी पहारेकऱ्यासारखा चाललो. आणि सगळे हसले. कारण पाय चुकला होता. तुझा उजवा पाय ताठ असतो, माझा डावा! मला आजवर पत्ताच नव्हता. लहानपणी तू दारातून माझ्याकडे चालत यायचास आणि मी समोरून तुझ्याकडे, त्याचा हा परिणाम. आरशासारखं झालं. दोन दिवसांत त्यांनी माझा उजवा पक्का करून घेतला आणि नोकरी दिली.

पण हसत नव्हती ती एकटी. ती कंटिन्युइटीला आहे. म्हणजे तिचं काम एकच, मघाशी जसं होतं तसंच आत्ता आहे का बघणं. ग्लास कुठल्या हातात होता, बटण लागलं होतं की नव्हतं, केस कानामागे होते की पुढे. त्यामुळे ती माणसाकडे अशी बघते की वाटतं, आजवर आपल्याला कुणी पाहिलेलंच नव्हतं. सगळे "पाय बदल, पाय बदल" ओरडत होते आणि ही म्हणाली, "थांब. पुन्हा चाल. हा डावा मी कुठेतरी पाहिलाय."

मामा, मी गेलो. कामातून गेलो.

आता एक सांग, ती चाल तू बसवलीस कशी? इथे जो तो विचारतो. मी ठोकून दिलं, की मामा म्हणतो, यंत्राला गुडघा नसतो, संयम असतो. टाळ्या पडल्या. असं काही तू कधी म्हणाला नसशील तर आता म्हणून टाक.

तुझा,
स्टोव्ह

९ मार्च

चि. स्टोव्ह, आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. ती मुलगी आली तिथे जास्तच मोठ्याने. दुकानात किल्ली करायला आलेलं गिऱ्हाईक शेवटपर्यंत ऐकून गेलं. मामी विचारते, मुलगी चहा करते का. मी म्हटलं, अगं, अजून ती याच्या पायाकडेच बघतेय, तोंडापर्यंत तरी पोचू दे.

संयमाबद्दल मी काही बोललेलो नाही. त्या सोंगात माणूस एकच वाक्य बोलतो, "कुणीतरी पाठ खाजवा रे." हवं तर हे सांग त्यांना.

चाल कशी बसवली? पडून पडून. एवढं पुरे.

तुझा डावा पाय मला ठाऊक होता. मी मुद्दामच सुधारला नाही. असो.

नोकरी मिळाली, चांगलं झालं. कॉलेज सोडलंस त्याचा राग मी गिळलेला नाही, गालात धरून ठेवलाय. सिनेमाच्या समारंभाला मला बोलावू नका, दुकान आहे. आणि एक ऐक. बाकी हवं तेवढं चाल, धाव, कोलांट्या मार. पण पहिल्या भागाचा शेवट, तो लांब बोळ, त्याला हात लावू नकोस. नव्या सिनेमात तसला बोळ असेल तर त्यांना म्हणावं, दुसरा शोधा.

मामीचा आशीर्वाद. तब्येतीला आणि जिभेला सांभाळ.

मामा

१६ मार्च

मामा,

तू हात लावू नकोस म्हणालास आणि तुझं पत्र पोचायच्या आधीच हात लागलेला होता!

त्याचं असं झालं. "हा डावा मी पाहिलाय," हे तिच्या डोक्यातून जाईना. तिने पाचही भाग काढले आणि पहारेकऱ्याचं एकेक पाऊल बघत बसली. सगळीकडे उजवा ताठ. सगळीकडे म्हणजे सगळीकडे. फक्त एका ठिकाणी डावा. कुठे, सांगू? तुझ्या त्या बोळात.

तिने मला बोलावून दाखवलं. मामा, तो शॉट मी कितीदा पाहिला असेल, तरी पुन्हा लावायला सांगितला. सगळी माणसं यानात बसून निघून गेलीत, पहारेकऱ्याला न्यायला कुणी थांबलेलं नाही. तो पाठमोरा त्या बोळातून परत जातो, लांब, लांब, टोकाचं दार उघडतो, आत जातो आणि आपल्याच हाताने दार लावून घेतो. संपलं. संगीतसुद्धा नाही.

मी म्हटलं, "फिल्म उलटी छापली असेल."

ती म्हणाली, "पाठीवरचा आकडा बघ. सुलटा आहे."

"मग?"

"मग काय, चूक! इतकी वर्षं लाखो लोकांनी पाहिलं, कुणाच्याही लक्षात आली नाही अशी चूक." आणि हसताना तिने माझी बाही धरली. नुसती धरली. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

पुढचं असं, की तिने ते दिग्दर्शकाला दाखवलं आणि तो खुर्चीतून उठलाच. नव्या सिनेमाच्या आधी जुना पहिला भाग पुन्हा थिएटरात लावणार आहेत, धुऊनपुसून. त्यात हा शॉट दुरुस्त होणार. म्हणजे जुना काढून त्या जागी नवा. बोळ तोच, उजेड तोच, पण आत मी. उजव्या पायाने. तुझी चूक तुझ्याच भाच्याच्या पायांनी सुधारली जाणार, यापेक्षा भारी काय हवं? आणि नावांच्या यादीत तिचं नाव पहिल्यांदा येणार. आजवर तिला कुणी "ए, वहीवाली" याच्या पुढे हाक मारलेली नाही.

एक चाचणी झाली, पण ती तिनेच रद्द केली. जमिनीवरची पांढरी पट्टी सुटून माझ्या पायाखाली आली होती. आता खरा शॉट तीन एप्रिलला.

तेव्हा हात लावू नकोस हे विसर आणि छाती फुगव. आणि तुझा डावा पाय त्या दिवशी कुठून आला, ते सांग. दमला होतास? का पैज होती?

स्टोव्ह

२१ मार्च

स्टोव्ह,

तो शॉट देऊ नकोस. त्यांना काही सांग. पाय मुरगळला म्हण, मामा मेला म्हण, चालेल मला.

कारण विचारू नकोस.

मामा

(मामीचं: दोन दिवस ताटावर बसतात आणि उठतात. दुकानात काल एका माणसाला दुसऱ्याचीच किल्ली देऊन बसले. त्यांचं ऐक रे बाबा.)

२६ मार्च

मामा,

कारण विचारू नकोस? का नको? मी काय तुझ्या दुकानातलं कुलूप आहे, तू किल्ली घालणार आणि मी गपगुमान फिरणार?

तू कारण सांगत नाहीस म्हणून मीच सांगतो. तुला हेवा वाटतोय. पाच सिनेमे केलेस, त्यांत चेहरा एकदाही दिसला नाही. नाव आलं ते सुतार आणि जेवणवाल्यांच्या मध्ये. जवळ होती ती फक्त चाल. आता ती माझ्याकडे आलीय, आणि वर तुझी चूक उघडी पडलीय. इतकी वर्षं लोक ज्याला डोक्यावर घेऊन नाचले, त्या शॉटमध्ये तुझा पाय चुकला होता! हे झोंबतंय तुला.

तुझं पत्र आल्यापासून मी जेवलो नाही. मामीला सांग, आमच्या घरात उपास करणारा एकटा तूच नाहीस.

काल मी तिला सहज म्हटलं, मामाच्या मनात नाही. तिचा चेहरा असा उतरला. म्हणाली, "त्यांचा आहे तो शॉट. ते नको म्हणत असतील तर मी जाऊन सांगते, राहू दे." सांगेल ती, अशीच आहे. आणि मग पुन्हा "ए, वहीवाली". मी तिला म्हटलं, मामाचं मी बघून घेतो. मी शब्द दिलाय. तीन तारखेला मी त्या बोळातून चालणार. उजव्या पायाने, तुझ्यापेक्षा चांगला.

कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून तू मला हलका म्हणालास. निदान हे तरी मी पुरं करतो.

पत्र टाकण्याआधी तू पुन्हा वाच म्हणतोस ना? नाही वाचणार.

तुझा भाचा

३० मार्च

स्टोव्ह,

हेवा म्हणालास. आहे. पण तुझा नाही. कुणाचा, ते शेवटी सांगतो. बसून वाच.

आपल्या भिंतीवरचे तुझ्या आईचे फोटो डोळ्यांसमोर आण. सगळ्यांत ती बसलेली आहे. तू कधी विचारलं नाहीस, आम्ही कधी सांगितलं नाही. तिला लहानपणी ताप आला होता. ताप गेला तो जाताना तिच्या डाव्या पायाचा गुडघा घेऊन गेला. तो पुढे कधी वाकला नाही. ती चालायची ती अशी: आधी कंबर फेकायची, मग क्षणभर थांबायची, पाय येतोय की नाही याची वाट बघितल्यासारखी, आणि मग पाय यायचा.

आता कळलं ना, तुला का सांगितलं नाही? पायाचं सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच मिनिटाला चाल ओळखली असतीस.

त्या सोंगाचा गुडघा वाकतच नव्हता. पहिले कितीतरी दिवस मी फक्त पडलो. जुने दिग्दर्शक, आता ते नाहीत, मला काढायच्या बेतात होते. तुझी आई तिथेच शिवणखोलीत होती. सोंगाच्या आत जी कापसाची गादी असायची ती तीच शिवायची. एक दिवस मी तिच्या दारातच उताणा पडलो, कासवासारखा. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि पोट धरून हसली. म्हणाली, "दादा, न वाकणाऱ्या पायाने चालायचं शिकायला तू गावभर हिंडतोयस? मी काय मेलेय?"

मग दार लावून तिने मला शिकवलं. ती चालायची आणि मी तिच्या समोर उभा राहून तसं करायचो. समोरासमोर. तू माझ्यासमोर शिकलास तसंच. तिचा डावा, म्हणून माझा उजवा झाला. चूक लक्षात आली तोवर निम्मा सिनेमा होऊन गेला होता. ती म्हणाली, "राहू दे. डावा माझा, उजवा तुझा. वाटणी झाली."

शेवटच्या दिवशी फक्त तो बोळ राहिला होता. दुसऱ्या दिवशी सेट मोडणार होते. आणि सकाळी मी जिन्यावरून गडगडलो. घोटा भोपळ्याएवढा. सगळे डोक्याला हात लावून बसले. तुझी आई म्हणाली, "पाठमोराच आहे ना? लांबूनच ना? मग मी जाते." दिग्दर्शकांनी एकदा तिच्या पायाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आम्ही तिघे सोडून आत कोण आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरलं. तिने बुटात चिंध्या कोंबल्या आणि सोंगात शिरली.

मी काठीला टेकून बघत होतो. ती एकदाच चालली. दुसऱ्यांदा घ्यावं लागलंच नाही.

मी त्या सोंगात अर्धं आयुष्य काढलं रे, पण तसा एकदाही चाललो नाही. मी चालून दाखवायचो. ती नुसती चालली. हाच तो माझा हेवा.

तिने दार लावून घेतलं आणि पलीकडून बाहेर येईना. मी लंगडत गेलो, तर डोक्यावरचा पत्रा काढून, घामाने निथळत जमिनीवर बसली होती. म्हणाली, "दादा, रस्त्याने मी चालले की लोक नजर वळवतात. चांगली माणसं तर आधी वळवतात. आज एवढी माणसं बघत होती, एकानेही वळवली नाही. पण सांगू नकोस हं कुणाला. मी आहे हे कळलं की परत वळवतील."

मी शब्द दिला. तू दीड वर्षाचा असताना ती गेली. "कुणाला"मध्ये तू येतोस का, हे मला आजवर ठरवता आलं नाही. तू खेळताना पहिल्यांदा डावा पाय फेकलास, तेव्हा मामी हातातलं काम टाकून आत गेली होती. मी तुला सुधारलं नाही. घरात कुणीतरी तसं चालतंय, एवढंच मला पुरत होतं.

तिच्या चालण्याचं जगात तेवढंच शिल्लक आहे. तू उजव्या पायाने चाललास की तेही पुसलं जाईल.

आता तो शॉट दे किंवा देऊ नकोस, मी हुकूम करणार नाही. पण एक मागतो. तो वाचवायला तिचं नाव घेऊ नकोस. नाव घेतलंस की ते लगेच थांबतील, हे मलाही कळतं. उलट मिरवतील. मुलाखती घेतील, तिचा फोटो लावतील, शॉटच्या कडेला बाण काढून पाय दाखवतील. मग त्या बोळात पहारेकरी कुणालाच दिसणार नाही. तुझ्या त्या मुलीलाही सांगू नकोस. सांगावंसं वाटेल, तरीसुद्धा.

तुझ्या आईसारखाच तापट आहेस. तिला पण स्टोव्हच म्हणायचो मी.

मामा

४ एप्रिल

मामा,

नोकरी गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मामी पत्र उलटं धरून शेवट शोधत बसणार नाही.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्याबद्दल घरी येऊन पाय धरतो. दोन्ही.

तुझं पत्र मला काल सकाळी गेटवर मिळालं. कपडे बदलायच्या खोलीत, एक पाय काळ्या पोशाखात आणि एक बाहेर, असा उभ्याने वाचलं. बसून वाच म्हणाला होतास, पण बसायला आठवलं नाही. मग दुसऱ्यांदा बसून वाचलं. बाहेरून दार ठोठावत होते. मी उठलो आणि त्या दोन कपाटांच्या मधल्या जागेत डाव्या पायाने चार पावलं चाललो. आजवर मी तुझी नक्कल करतोय असं वाटायचं. काल पहिल्यांदा कुणाचं तरी बोट धरल्यासारखं वाटलं. पुढचं लिहीत नाही, तू रडशील आणि दुकानात गिऱ्हाईक असेल.

बाहेर आलो तर ती दारातच. "मामांचं पत्र? काय म्हणतात?"

मामा, तिला सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. तिला म्हणजे कुणाला? जिने सगळ्या जगात एकटीने तो पाय पाहिला, तिला. मी म्हटलं, "मामी विचारते, तू चहा करतेस का."

"करते," ती म्हणाली. "वाईट करते." आणि लाल झाली. हे मामीला वाचून दाखव.

हॉलमध्ये जमिनीवर पांढऱ्या पट्ट्यांनी बोळ आखलेला होता. इकडच्या टोकाला मी, तिकडच्या टोकाला हॉलचं खरंखुरं लोखंडी दार. दाराच्या अलीकडे थांबायची खूण. भिंतीला टेकून सगळे उभे. आज जुना पहारेकरी दुरुस्त होणार म्हणून हिशेबनीस आणि ड्रायव्हरसुद्धा आलेले.

दिग्दर्शक म्हणाला, "चल."

मी डाव्याने चाललो.

"कट! पाय!"

पुन्हा सुरुवातीला आलो. पुन्हा डावा.

"अरे, कॉलेजात डावं-उजवं शिकवलं नव्हतं का?"

"अर्धवट सोडलं साहेब. डाव्यापर्यंतच पोचलो होतो."

सगळे हसले. तो नाही. तिसऱ्यांदाही डावा, तेव्हा कुणीच हसलं नाही. दिग्दर्शक उठला आणि माझ्याजवळ आला. तो ओरडला असता तर मला सोपं होतं. मी दुप्पट ओरडलो असतो, एखादी खुर्ची उडवली असती, तुला माहीत आहे. पण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाला, "काहीतरी आहे. मला दिसतंय. कारण सांग. पटलं तर त्या जुन्या शॉटला मी बोट लावणार नाही."

एक वाक्य, मामा. "आत माझी आई होती." एवढं म्हटलं की सगळं वाचलं असतं. शॉट, नोकरी, माझी त्या मुलीसमोरची पत. वाक्य दातांवर येऊन उभं राहिलं. मी समोर बघितलं. एवढी सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला ती माणसं उद्या आईच्या पायाकडे बघताना दिसली. हळहळताना. मग नजर वळवताना.

मी म्हटलं, "कारण नाही."

एवढंच, आणि ओरडून नाही. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच मी हळू बोललो.

"ठीक," तो म्हणाला. "दुसरा माणूस आणतो. महिना लागेल, लागू दे." आणि तिच्याकडे वळून, "लिही. याने नकार दिला. शॉट दुसऱ्याकडून दुरुस्त करायचा."

तिने लिहिलं नाही. तिच्यासमोर दोन पडदे होते. एकावर जुना बोळ, दुसऱ्यावर आत्ताचा मी, ठिपक्याठिपक्यांचा. ती दोन्ही एकदम पुढे नेत होती, मागे आणत होती. पेन्सिल दातांत.

"लिही ना!"

"जुळतंय," ती म्हणाली.

"काय जुळतंय?"

"हे त्याच्याशी. पाऊल न् पाऊल. कंबर, मग थांबणं, मग पाय. थांबणंसुद्धा तेवढंच." तिने दोन्ही पडदे थांबवले. "साहेब, चूक असती तर ती कुणाला इतकी तंतोतंत पुन्हा करता आली नसती. जुना शॉट बरोबर आहे. चुकली ती माझी नोंद."

"त्या नोंदीवर तुझं नाव जाणार होतं."

"खोडा."

मामा, मी तिला काही सांगितलं नव्हतं. एक अक्षर नाही. तिने नुसतं पाहिलं. आणि जे पाहिलं ते तोंडावर बोलली, तिचं एकुलतं एक नाव पणाला लावून. मी तिला शब्द दिला होता, तो मोडला मी, आणि माझी बाजू तिने राखली.

दिग्दर्शक बराच वेळ त्या दोन पडद्यांपुढे वाकून उभा राहिला. तिने पुन्हा दाखवलं. पुन्हा. शेवटी तो सरळ झाला आणि म्हणाला, "ठेवा. जुनाच ठेवा. त्याला कुणी हात लावायचा नाही."

मला वाटलं, सुटलो. पण तो माझ्याकडे वळला. डोळे बारीक करून म्हणाला, "तुझ्या मामाचा पाय उजवा. म्हणजे इथे तुझा मामा नाही. मग आत होतं कोण?"

मी पोशाखावरचा एक ठिपका खरवडत राहिलो.

"तुला माहीत आहे," तो म्हणाला. "सांग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला त्या क्षणी काय कळलं आणि काय नाही, मला ठाऊक नाही. तिने दातांतली पेन्सिल काढली आणि कानामागे खोचली. पहिल्या दिवशी खोचली होती तशी. म्हणजे आता ती काही लिहिणार नव्हती.

मी दाराकडे वळलो. चालायला लागलो. आधी कंबर, मग जरा वाट बघणं, मग डावा पाय. त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मधून, सरळ. मागून कुणी "कट" म्हणालं नाही. पाठीवर सगळ्यांची नजर जाणवत होती. मी वळून पाहिलं नाही, पण शपथेवर सांगतो, एकानेही ती वळवली नव्हती. थांबायची खूण आली, ती ओलांडली. लोखंडी दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं, आणि आपल्याच हाताने दार लावून घेतलं.